चौघांचा धूर एका नळीत

“पण ताई, ग्राफ तर क्लीन आहे की गं.” मामेभावाचं हे वाक्य तो आठवडाभर माझी पाठ सोडेना. त्याच्या फियाट लिनिया टी-जेटचं, म्हणजे टर्बोवाल्या पेट्रोल गाडीचं, इंजिन आंबा घाटात बसलं होतं. साखरप्याहून वर चढताना आधी पिकअप गेला, मग आरशात निळा धूर दिसायला लागला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर डिपस्टिक बोटभर वर आलेली आणि आजूबाजूला तेलाचे शिंतोडे. गाडी टो करून कोल्हापूरला आणली आणि रात्री त्याने मला मॅप करणाऱ्याने, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कंप्युटरमधले आकडे बदलून देणाऱ्याने, दिलेला ग्राफ व्हॉट्सॲपवर पाठवला. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, १.३ बारवर सपाट. पूर्ण ॲक्सिलरेटरला लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा आकडा, ०.८०, इकडे ना तिकडे. मी पुण्यात इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते, असे ग्राफ रोज बघते, आणि इतकी सरळ रेघ आमच्या टेस्ट सेलमध्येही रोज मिळत नाही. ग्राफ खोटा नव्हता. ज्याने मोजलं त्याने नीट मोजलं होतं. दांडगाई म्हणावी असा मॅपही तो नव्हता. टर्बोवाल्या पेट्रोल गाडीला पूर्ण जोरात ०.८० हे मिश्रण कुणीही शहाण्या माणसाने ठेवलं असतं. तरीही पिस्टन गेला होता. त्याचा राग मला समजत होता, पण त्याहून जास्त ती सरळ रेघ मला सतावत होती.

लॅम्डा म्हणजे काय हे गाड्यांच्या नादी लागलेल्या पोरांना आता शिकवावं लागत नाही. १ म्हणजे पेट्रोलला जितकी हवा हवी तितकीच. १ च्या खाली पेट्रोल जास्त, म्हणजे रिच. १ च्या वर हवा जास्त, म्हणजे लीन. बॉशचा पहिला लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्हॉल्व्होच्या गाड्यांत आला आणि तेव्हापासून इंजिनाला स्वतःच्या धुराची चव कळायला लागली. पण हा सेन्सर बसतो कुठे ते बघायला हवं. ट्यून केलेल्या गाडीत वाइडबँड लॅम्डा सेन्सर बहुधा टर्बोच्या पुढे, डाउनपाइपमध्ये असतो. तिथे पोचेपर्यंत चारही सिलिंडरचा धूर मॅनिफोल्डमध्ये एकत्र होतो, टर्बाइनच्या पात्यांतून घुसळून निघतो आणि मग सेन्सरला भेटतो. सेन्सर जे सांगतो ते चौघांचं मिळून. आमच्या टेस्ट सेलमध्ये प्रत्येक एक्झॉस्ट रनरला, म्हणजे एकेका सिलिंडरच्या धुराच्या नळीला, तापमान मोजणारा वेगळा थर्मोकपल असतो, प्रत्येक सिलिंडरच्या आत प्रेशर सेन्सर असतो, आणि त्या एकेका सेन्सरची किंमत ऐकून घरचे लोक गप्प होतात. ज्या गाडीने पोरगं रविवारी रत्नागिरीला मासे खायला जातं, तिच्यात हे काही नसतं आणि असावं अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच मला फोनवर त्याला काही सांगवेना. शनिवारी पहाटे गाडी काढली आणि कोल्हापूर गाठलं.

उद्यमनगरात शिरलं की मला अजूनही कापल्या जाणाऱ्या बिडाचा वास येतो. तापलेल्या लोखंडावर पडणाऱ्या कूलंटचा दुधाळ वास, त्यात मिसळलेला जळक्या वाळूचा. बाबांचं सगळं आयुष्य या गल्ल्यांत गेलं, ऑइल इंजिनं दुरुस्त करण्यात. पंचगंगेच्या काठावरचे पंप, करवीर-पन्हाळ्याकडची गुऱ्हाळं, सगळीकडून बोलावणं यायचं. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. गुऱ्हाळावर चरख्याला जोडलेलं एका सिलिंडरचं इंजिन, त्याचं ते जड फ्लायव्हील, आणि काहिलीतल्या उकळत्या रसाच्या गोड वाफेत मिसळलेला डिझेलचा धूर. बाबा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. त्या इंजिनाला लपायला जागाच नव्हती. एकच सिलिंडर, एकच इंजेक्टर, एकच नळकांडं. धूर काळा आला तर त्याचाच, ठोका चुकला तर त्याचाच. आवाज ऐकून बाबा सांगायचे आणि हेड खोलल्यावर तेच निघायचं. डिझेल तसं कायमच लीन चालतं, हवा भरपूर आणि तेल मोजकं, आणि त्याला ते मानवतं. पेट्रोल इंजिनाचा स्वभाव वेगळा, त्यात टर्बो लावला की आणखी वेगळा. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली धुराच्या जोरावर हवा कोंबायच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. ती कल्पना रोजच्या पेट्रोल गाडीत नीट नांदायला साबच्या ९९ टर्बोपर्यंत, म्हणजे सत्तरचं दशक संपत येईपर्यंत, वाट बघावी लागली. एवढी वर्षं त्यात का गेली, हे एकदा जळलेला पिस्टन हातात घेतला की समजतं.

गॅरेजचे मिस्त्री हे माझ्या बाबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी माझ्यासाठी काही उघडलं नव्हतं, नुसते प्लग काढून ‘पुढारी’च्या जुन्या अंकावर ओळीने मांडून ठेवले होते. पहिला, दुसरा आणि चौथा, तिघांचं पोर्सेलीन फिकट तपकिरी, टोकाशी थोडी काजळी. तिसरा पांढराफटक. मी तो उचलून खिडकीशी नेला. पोर्सेलीनवर बारीक ठिपके होते, काही काळे आणि काही चांदीसारखे चमकणारे. अंगठ्याने पुसले तर निघेनात. इलेक्ट्रोडची धार गोल झालेली. ती चमक म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. कण वितळून उडाले आणि प्लगवर चिकटून बसले. असा प्लग मी या आधीही पाहिलेला आहे, पण मुद्दाम इंजिन मारायच्या चाचणीत, काचेच्या पलीकडून. घरातल्या माणसाच्या गाडीतला, बोटांत धरलेला, हा पहिलाच.

मिस्त्री म्हणाले, “ह्यो तिसरा बघ पोरी. पंगतीत तिघं पोटभर जेवल्यात, ह्योच उपाशी हाय.”

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, त्यांनी माझ्यासमोर पुन्हा घेतलं. थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, बॅटरीला जोड. पहिला १६५ पीएसआय, दुसरा १६८, चौथा १६६. तिसऱ्याचा काटा ७० च्या आसपास उठला आणि तिथेच लटपटला. नळीतून चमचाभर तेल सोडून परत घेतलं तर शंभरी पार. म्हणजे व्हॉल्व्ह शाबूत, गळती पिस्टनच्या रिंगांकडून. कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडली आणि आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. एअर फिल्टरकडे शांत, सायलेन्सरकडे शांत, ऑइल भरायच्या झाकणातून मात्र स्वच्छ फुसफुस. घाटात डिपस्टिक का वर आली त्याचं उत्तर तिथेच मिळालं. जळणाचा दाब रिंगांच्या कडेने खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरत होता आणि तेल बाहेर ढकलत होता. शेवटी बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत सोडला. मोबाइलच्या स्क्रीनवर पिस्टनचा माथा दिसला. एक्झॉस्टच्या बाजूची कड खरवडल्यासारखी खाल्लेली, आणि पहिल्या व दुसऱ्या रिंगच्या मधली भिंत एका ठिकाणी तुटून गेलेली. मामेभाऊ माझ्या खांद्यावरून बघत होता. तो काही बोलला नाही.

आता खरा प्रश्न सुरू झाला. पिस्टन मेला हे कळणं सोपं. तिसराच का, हे शोधल्याशिवाय नवा पिस्टन घालणं म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणं, आणि गॅरेजांमध्ये हे सर्रास होतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. माणसं लाख-दीड लाखाचं इंजिनकाम करतात, तोच मॅप, तेच इंजेक्टर, तीच पाइपं परत लावतात आणि महिन्या-दोन महिन्यांत परत येतात. एकच सिलिंडर लीन जायला वाटा थोड्या आहेत. त्याच्या इनटेक रनरच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीच्या, गॅस्केटमधून हवेची चोरी होत असेल; पण बूस्टमध्ये तिथून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाते, म्हणून त्याचा त्रास आयडलला जास्त आणि जोरात कमी दिसतो. मॅनिफोल्डची घडणच अशी असेल की एका घराला हवा जास्त मिळते. पण मग तो दोष पहिल्या दिवसापासून असता. आत धूर सोडून गळती बघायची स्मोक टेस्ट घेतली, मॅनिफोल्ड घट्ट निघालं. उरला इंजेक्टर. टी-जेटचं एक बरं आहे, इंजेक्टर हेडच्या आत पुरलेले नाहीत, बाहेर रेलवर आहेत. अर्ध्या तासात चारही काढून टेस्ट बेंचवर चढवले. काचेच्या चार नळ्या, वरून चार फवारे. ही चाचणी बघायला मला कायम आवडतं, कारण तिथे काहीच आकडेमोड नाही, पातळी डोळ्यांना दिसते. पहिल्याचा, दुसऱ्याचा, चौथ्याचा फवारा धुक्याचा शंकू. तिसऱ्याचा एका बाजूला कललेला, मध्येच धार. मशीन थांबलं तेव्हा नळ्यांत ९८, ९७, ८२ आणि ९८ मिली.

सोळा टक्के कमी. मी तिथेच प्लगांखालच्या त्या कागदाच्या कडेला हिशेब मांडला. तीन सिलिंडर लॅम्डा ०.७७ वर चालले आणि तिसरा ०.९२ वर, तर एकत्र धुराचा लॅम्डा येतो ०.८०. बरोब्बर ग्राफावरचा आकडा. मॅप करणाऱ्याने रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवायच्या रोलरवर, पेट्रोल थोडं थोडं वाढवत नेलं असणार, सेन्सरने ०.८० म्हटल्यावर तो थांबला असणार, आणि त्या वाढवण्यातलं बरंचसं पेट्रोल ज्यांना गरज नव्हती त्या तिघांनी प्यायलं. रोजच्या चालवण्यातही असंच झालं. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरने, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे सेन्सर बघून केलेली पेट्रोलची दुरुस्ती, चार-पाच टक्के वर नेऊन बेरीज जुळवली होती. चार-पाच टक्क्यांनी कुठल्याही गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागत नाही. त्याला वीसच्या घरात जावं लागतं. स्कॅनर लावणारा प्रत्येक माणूस तो आकडा बघून ठीक आहे म्हणाला असता. मीही म्हणाले असते, आणि त्या आकड्यापुरतं ते बरोबरही असतं.

मिश्रण लीन झालं म्हणून इंजिन जळतं हे वाक्य सगळे बोलतात, पण ते अर्धंच आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग न्यू गिनीच्या हॉलंडिया तळावर पी-३८ लढाऊ विमानांच्या वैमानिकांना शिकवत होता, की आरपीएम खाली आणा, मॅनिफोल्ड प्रेशर वाढवा आणि मिश्रण ऑटो लीनवर, म्हणजे कमी इंधनाच्या खुणेवर, ठेवा. पोरांना धास्ती, इंजिनं जळतील. जळली नाहीत, आणि विमानं शेकडो मैल जास्त लांब जायला लागली. क्रूझला, बेताच्या जोरात, लीन चालणं निर्धोक असतं. खेळ वेगळा होतो तो पूर्ण बूस्टमध्ये. तिथे जास्तीचं पेट्रोल जळण्यासाठी घातलेलंच नसतं. ते वाफ होताना उष्णता शोषून घेतं आणि आतलं सगळं थंड ठेवतं. ते काढून घेतलं की न पेटलेलं मिश्रण कोपऱ्यात दाबलं जाऊन ज्योत पोचायच्या आधीच एकदम फुटतं. त्यालाच आपण नॉक म्हणतो. दगडावर खडा आपटावा तसा बारीक टणटण आवाज, जो सायलेन्सर बदललेल्या गाडीत आणि चालू म्युझिकमध्ये ऐकू येणं अशक्य. आतल्या वायूची ज्योत दोन हजार अंशांच्या वर असते आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा सिलिकॉन घातलेला धातू त्याच्याही आधी. तरी पिस्टन एरवी जगतो, कारण त्याच्या माथ्यावर वायूचा एक पातळ थर चिकटून असतो आणि तोच त्याला झळ लागू देत नाही. नॉकच्या लाटा हा थर खरवडून काढतात. मग धातूला उघड्यावर सगळी आच लागते, रिंगांमधल्या भिंतीवर हातोडे बसतात, आणि साखरप्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये काही मिनिटांत सगळं आटोपतं.

पिस्टन इंजिनाची छोटी विमानं चालवणारे लोक या बाबतीत आपल्या फार पुढे आहेत. त्यांच्या डॅशबोर्डवर प्रत्येक सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान वेगवेगळं दिसतं. मिश्रण हळूहळू लीन करत नेताना कुठल्या सिलिंडरचं तापमान किती इंधनाला शिखर गाठतं ते टिपून ठेवतात, आणि सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत शेवटी शिखर गाठणाऱ्या सिलिंडरांत ताशी अर्ध्या गॅलनहून जास्त फरक आला तर इंजेक्टर तपासायला घेतात. ओक्लाहोमा राज्यातल्या एडा नावाच्या गावात गामी ही कंपनी याच कामासाठी सिलिंडरगणिक जुळवलेले इंजेक्टर बनवते. आकाशात इंजिन बसलं तर टो करणारा येत नाही, त्यामुळे त्यांना ही शिस्त लागली असेल. पण आपल्याकडे टर्बो गाडीत बूस्ट, रंगीत पाइपा आणि ब्लो-ऑफच्या आवाजावर जितका पैसा जातो, त्याच्या थोड्याशा वाट्यात मॅपच्या आधी चार इंजेक्टर बेंचवर मोजून होतात. मॅप करणाऱ्यांनी ही अट घालायला हवी आणि गिऱ्हाइकाने ती मागायला हवी. माझं हे ठाम मत आहे.

इंजेक्टर का तुंबला याचा अंदाज गाडीच्या दिनक्रमातून आला. घरात दुसरी गाडी आल्यापासून लिनिया पावसाळाभर शेडमध्ये उभी असायची. उभ्या गाडीत इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेलं पेट्रोल सुकून त्याची चिकट साय बसते. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल ओल धरतं, शिवाय त्याला जळायला पेट्रोलच्या मानाने हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा, इथेनॉलला ९ पट, आणि मिसळलेल्याला साधारण १३.५. म्हणजे जुन्या आकड्यांवर बेतलेल्या मॅपमध्ये मुळातच चौघांनाही थोडं पेट्रोल कमी पडतं. बेरीज ईसीयू सांभाळून घेतो. तुंबलेल्या तिसऱ्याला मात्र दोन्हीकडून मार.

एक गोष्ट मला संध्याकाळी सापडली आणि तिने मी फार अस्वस्थ झाले. मॅपच्या वेळची मूळ लॉग फाइल मामेभावाच्या लॅपटॉपवर होती. ग्राफात तीन रेघा होत्या, फाइलमध्ये कितीतरी जास्त रकाने. त्यात प्रत्येक सिलिंडरचं नॉक रिटार्ड, म्हणजे नॉक टाळायला ठिणगी किती उशिरा पाडली ते, वेगळं नोंदलेलं. पहिला, दुसरा, चौथा शून्याच्या आसपास. तिसऱ्याचं टायमिंग ४५०० आरपीएमनंतर ईसीयू पाच-सहा अंश मागे ओढत होता, प्रत्येक पुलमध्ये, म्हणजे पूर्ण जोराच्या प्रत्येक दौडीत, न चुकता. इंजिनाने स्वतः नाव घेऊन सांगितलं होतं कोण संकटात आहे ते. तो रकाना ग्राफात घ्यायला कुणी सांगितलं नाही आणि कुणी घेतलाही नाही. यात कुणाचा हलगर्जीपणा किती, हे ठरवायला मी बसले नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचा ग्राफ सुबक हवा असतो, आणि सुबक ग्राफ काढायची सवय आमच्या कंपन्यांतल्या मीटिंगांतही तितकीच आहे. बारा इंजिनांची सरासरी स्लाइडवर दाखवायची आणि वेडंवाकडं वागणारं एक मागच्या पानात ठेवायचं, हे मी किती वेळा होताना पाहिलं आहे. आमच्या बाबांच्या कानाला असं मागचं पान नव्हतं.

मामेभाऊ त्या रात्री जेवताना म्हणाला, “ताई, विकूनच टाकू का गं?” मामी लगेच हो म्हणाली. मला मात्र ती गाडी विकायला नको होती. रांजणगावला बनलेल्या त्या गाडीचं इंजिन मूळच्या ११४ पीएस ताकदीत वर्षानुवर्षं तक्रार न करता चाललं होतं. ते उघडल्यावर क्रँकचे बेअरिंग बघितले, तर अजून त्यांवर पहिल्या दिवसाची राखाडी छटा होती. आणि मॅप करून घेतल्यावर पहिल्यांदा त्याने मला पन्हाळ्याच्या रस्त्यावर फिरवून आणलं होतं तो दिवस मी विसरलेले नाही. २००० आरपीएमच्या पुढे टर्बोची ती बारीक शीळ, मग पाठ सीटमध्ये रुतवणारा ओढा, आणि शेजारी तिशीतला बाप्या लहान पोरासारखा हसत होता. इंजिनातून जास्त ताकद काढायची ओढ मला चूक वाटत नाही. मी त्यावरच पोट भरते. फक्त ताकद वाढवली की प्रत्येक सिलिंडरची चौकशी वाढवावी लागते, आणि त्या चौकशीला लोक कंटाळतात.

काम रीतसर झालं. ब्लॉक बिडाचा असल्यामुळे तिसऱ्या बोअरमधले ॲल्युमिनियमचे ओघळ काढून उद्यमनगरातच बोअर करून घेतला, चारही पिस्टन एकाच मापाचे ओव्हरसाइज घातले, वजनं जुळवली. इंजेक्टर चारही नवे, बसवण्याआधी बेंचवर मोजलेले, एकमेकांत दोन टक्क्यांच्या आत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही रनरना भोकं पाडून थर्मोकपलचे बुच बसवले. मिस्त्रींना हे काम इतकं आवडलं की त्यांनी त्याची मजुरी घेतली नाही. बूस्टवरून मात्र आमचं वाजलं. मामेभावाला १.३ बारच हवा होता, मी १.१ च्या वर हात लावू दिला नाही. रनिंग-इन झाल्यावर, म्हणजे नवे पिस्टन रुळल्यावर, बघू, एवढ्यावर तह झाला आहे.

काल त्याने पहिली लॉग फाइल पाठवली. या वेळी ग्राफ नाही, सगळे रकाने. तिसरा सिलिंडर शून्यावर, तापमान शेजाऱ्यांच्या बरोबरीने. दुसऱ्याला मात्र ५००० च्या पुढे दीड-दोन अंश रिटार्ड दिसतो आहे आणि त्याचं एक्झॉस्ट तापमान इतरांहून पंचवीस अंशांनी जास्त आहे. शनिवारी परत कोल्हापूरला जाते आहे. दुसऱ्याचा आणि चौथ्याचा इंजेक्टर अदलाबदल करून तीच दौड पुन्हा घ्यायची. फरक इंजेक्टरबरोबर चौथ्याकडे गेला तर तो इंजेक्टर बदलायचा, आणि दुसऱ्यातच राहिला तर मॅनिफोल्ड उतरवायचं. तोवर गाडी ३००० च्या वर न्यायची नाही असं त्याला बजावलं आहे. मामीलाही सांगून ठेवलं आहे.